भट्टीच्या दारापायी गेलेली भगोनी

जिनिंगमध्ये काम केलं की रुईसारखे किस्सेही अंगाला चिकटतात. कितीही झटका, दोन-चार राहतातच. मलकापूरच्या एका फॅक्टरीत मी फिटर होतो. माझ्याकडे उरलेत ते सगळे बॉयलरच्या भट्टीच्या दाराचे.

*

हे लोखंडी दार दर हंगामात जळायचं आणि त्याचे पोपडे पडायचे. शेटजींनी उपाय काढला, काळा ऑइलपेंट. भट्टी पेटल्यावर तासाभरात त्या रंगाचा धूर झाला. आम्ही खोकत बाहेर पळालो आणि उरलेला रंग डब्यासकट फेकायला निघालो. शेटजी म्हणाले, "डब्बा काऊन फेकता बे? अर्धा बाकी हाय."

*

किसन मिस्त्री कल्हईवाल्याचा मुलगा. तो म्हणाला, "लेप वरून लावाचा नाही, लोखंडात मुरवाचा." घरची सगळी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भगोनी कानशीनं घासून त्यानं भुकटी केली. त्यात नवसागर आणि विटेचा चुरा मिसळला, नवं दार पेटीत त्या मिश्रणात पुरलं, पेटी मातीनं लिंपली आणि दिवसभर भाजली.

मिस्त्रीची बायको फॅक्टरीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "भात कायच्यात शिजवू?"

मिस्त्री म्हणाला, "मडक्यात."

*

दार निघालं राखाडी. शेटजींचं तोंड उतरलं. "चमकत नाही हे."

"शेटजी, भट्टीले लावाचं हाय, लग्नात न्याचं नाही."

शेटजी भडकले. होळीपर्यंत एक जरी पोपडा निघाला, तर मिस्त्रीनं बापाचा भाता उचलून गावोगाव कल्हई करत फिरायचं, असं ठरलं. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मिस्त्री मात्र निवांत विडी ओढायचा.

*

होळी झाली. नागपूरहून बॉयलर तपासणारे साहेब आले. त्यांनी दारावर हातोडी मारली. साधा टवकाही उडाला नाही.

"कुठलं दार हे?"

"विलायती, साहेब," शेटजी म्हणाले.

मिस्त्री शेजारीच उभा होता. मला असा राग आला की हातातला पाना खाली पडला.

साहेब म्हणाले, "उत्तम. दुसऱ्या बॉयलरलाही हेच बसवा. चार दिवसांनी येतो. त्याशिवाय पास करणार नाही."

साहेबांचा टांगा फाटकाबाहेर पडला नाही तोच शेटजी मिस्त्रीपाशी आले. "चार दिवसांत जमते न?"

"जमते. पण भगोनी लागतील. माह्या घरची तं सरली."

दुपारी शेटाणीबाईंनी हौसेनं घेतलेली नवी भगोनी आली आणि मिस्त्रीची कानस सुरू झाली. मागोमाग घरचा गडी निरोप घेऊन आला. "शेटजी, बाई विचारून राह्यल्या, भात कायच्यात शिजवू?"

शेटजींनी मिस्त्रीकडे पाहिलं.

मिस्त्रीनं मान वर केली नाही. "सांगा न, मडक्यात."