पहिलं रूप आईचं

माझे वडील इंदापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गावातली माणसं मास्तर म्हणायची, आणि आई काहीच म्हणायची नाही; 'अवो' एवढ्यावर तिचा संसार चालला होता. तात्याही तिला कधी नावानं हाक मारत नसत. 'अगं' म्हणायचे. त्या 'अगं'चे प्रकार होते. चहा हवा असला की एक, टोपी सापडत नसली की दुसरा, आणि वह्या तपासून डोकं उठलं की नुसता लांबलेला, त्याला पुढे वाक्यच नसायचं. आई आतून 'आले, आले' म्हणायची आणि येत मात्र नसे.

ती पन्नासच्या दशकातली वर्षं. तेव्हा इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. मिसरूड फुटायला आलेली पोरं ए-बी-सी गिरवायला बसायची, आणि वर्ष संपायच्या आत त्यांच्या गळी काळ उतरवायचे असत. तात्या मूळचे बारामतीजवळच्या कन्हेरीचे, शेतकऱ्याच्या घरातले, पाटाच्या पाण्यावर वाढलेले. ते फळ्यावर एक आडवी रेघ मारायचे आणि म्हणायचे, हा आपला पाट. पाण्याची पाळी काल आली नि गेली, तो भूतकाळ. आत्ता वाफ्यात पाणी चाललंय, तो वर्तमानकाळ. पाळी परवा आहे, दारं धरायला जायचंय, तो भविष्यकाळ. इथपर्यंत सगळे माना डोलवायचे. पण 'हॅव' लागून येणारं क्रियापद आलं की वर्ग चिडीचूप. मग तात्या त्या रेघेखाली खडू आडवा घासून पांढरा डाग करायचे. "पाणी येऊन गेलं. पण वाफ्यात पाऊल टाका. रुततंय का न्हाय? रुततंय. काम कालचं, ओल आजची. तिथं हॅव."

शाळेत ते शुद्ध बोलायचे, पण या वाक्याला त्यांची कन्हेरी हमखास बाहेर यायची. पोरं हसायची. मी त्याच वर्गात बसत होते, त्यामुळे माझे कान तापायचे.

घरी दिवेलागणीला परवचा असायचा. आधी पाढे, मग क्रियापदांची तिन्ही रूपं, तात्यांनी लावलेल्या क्रमानं. अराइज, अरोज, अरिझन पासून राइट, रोट, रिटन पर्यंत. ते डोळे मिटून आरामखुर्चीत पडलेले असायचे. मला वाटायचं झोपले, म्हणून मी एखादं गाळायची, की लगेच 'हं' यायचं आणि मागं जावं लागायचं. मला त्या यादीचा मनापासून कंटाळा होता.

श्रावणातल्या एका सकाळी तात्या शाळेला निघाले. कोटाच्या बाहीत उजवा हात घालत होते, तो आत जाईचना. आई म्हणाली, "अवो, बाही उलटी झालीया." बाही सरळच होती. तात्या तिच्याकडे बघत बघत भिंतीवरून खाली घसरले.

शेजारचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. कुणी पारव्याचं तेल चोळायला सांगितलं, कुणी अंगारा आणला. बारामतीहून डॉक्टर आले. ते म्हणाले, पाय हळूहळू चालेल, हाताचं सांगता येत नाही, आणि बोलणं आलं तर येईल. एवढंच सांगायला एवढ्या लांबून आले होते, असं माझ्या मनात आलं.

बोलणं म्हणून एकच शब्द उरला होता. 'मग.' पाणी हवंय का, मग. दुखतंय का, मग. रागावले तरी मग, डोळे भरून आले तरी मग. जो माणूस आम्हाला एका शब्दाची चूक करू देत नव्हता, तो दिवसभर 'मग, मग' करत राहायचा, आणि बोललेलं भलतंच आहे हे त्याला कळायचं. न कळतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

हेडमास्तर भला माणूस होता. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. बोलायला लागले तर वर्ग त्यांचाच. आम्ही राहत होतो त्या दोन खोल्या शाळेच्या होत्या, म्हणजे घरही त्या बोलण्यावर अवलंबून होतं. सगळे तात्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. आईचं मात्र वेगळंच. ती त्यांचं तोंड पुसता पुसता म्हणायची, "शाळंचं काय व्हायचं ते होईल. एकदा 'अगं' म्हणा, म्हंजे झालं." तात्या म्हणायचे, मग.

सहामाही परीक्षा जवळ आली तेव्हा मी एका संध्याकाळी स्वतःहून परवच्याला बसले. सवयीनं यादी म्हणत होते, मन भलतीकडेच. "ब्रेक, ब्रोक..." आणि अडकले. खाटेवरून आवाज आला, "ब्रोकन."

मी वळून बघितलं. तात्यांचे डोळे मिटलेले होते. "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट. बिल्ड, बिल्ट, बिल्ट." स्वच्छ, खणखणीत, वर्गात म्हणायचे तसे. आई पिठाच्या हातानं धावत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. तात्या शेवटपर्यंत गेले. राइट, रोट, रिटन. आई रडायला लागली, हसायला लागली, पिठाचे हात तिनं तोंडाला लावून घेतले. मग त्यांच्यापुढे बसून म्हणाली, "अवो, च्या टाकू?"

तात्यांनी तिच्याकडे प्रेमानं बघितलं. म्हणाले, "मग."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावलं, की पाढे, आरत्या, अशी पाठ झालेली रांग कधीकधी शाबूत राहते आणि बोलणं जातं. तेव्हा आम्हाला याचं कारण ठाऊक नव्हतं. सुरुवात कुणी करून दिली की तात्या धडाधड म्हणायचे; मनातलं एक अक्षर बाहेर यायचं नाही. मी हे दोन दिवसांत ओळखलं. आईनंही ओळखलं असणार. पण कन्हेरीहून तात्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, आले आणि ती यादी ऐकून मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, ह्यो तर फाडफाड इंग्रजी बोलतुया! मराठी यील मागनं!" मग ही बातमी गावभर झाली. ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं ती माणसं दाराशी येऊन ऐकून जायची आणि मास्तर बरे झाले म्हणायची. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा. हेडमास्तरही आले, त्यांनीही ऐकलं. त्यांना तरी कळायला हवं होतं. पण चांगल्या माणसाला चांगलंच ऐकायचं असतं. ते म्हणाले, सुट्टीनंतर एक तास घेऊन बघू.

मी आईला म्हटलं, "त्यांना सांग ना, हे बोलणं नाही." आई म्हणाली, "तू गप. यादी आली, उद्या बोलणं यील."

दिवाळीनंतर आईनं तात्यांना कोट घातला. आधी उजवा हात, मग डावा. मी त्यांना हात धरून वर्गापर्यंत नेलं आणि माझ्या बाकावर जाऊन बसले. वर्ग उठून उभा राहिला. हेडमास्तर दाराशी थांबले. मी हळूच 'गो' म्हटलं आणि तात्या सुरू झाले. वर्ग त्यांच्यामागून म्हणू लागला. इतक्या मोठ्यानं, इतक्या मायेनं त्या पोरांनी आयुष्यात कधी काही म्हटलं नसेल. हेडमास्तरांचा चेहरा खुलला होता.

यादी संपली. तात्यांनी डाव्या हातात खडू घेतला आणि फळ्यावर रेघ मारली. वाकडी आली. तिच्याखाली खडू आडवा घासून पांढरा डाग केला. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा एक सरळमार्गी मुलगा उभा राहिला. पावसाळ्यापासून ते त्याच्या मनात राहिलं असावं. "सर, 'आय सॉ' कधी म्हणायचं आणि 'आय हॅव सीन' कधी?"

तात्यांना प्रश्न कळला. मला दिसत होतं, पूर्ण कळला. त्यांनी त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं, वर्गाकडे बघितलं, तोंड उघडलं. "मग." पुन्हा डागावर बोट. "मग. मग." मग ते पाऊल उचलून जमिनीवर दाबायला लागले, रुततंय असं दाखवायला. दुखरं पाऊल, पुन्हा पुन्हा. "मग. मग." कुणी हसलं नाही. हसले असते तर मी कुणाला तरी मारलं असतं. तो मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "कळलं सर." आणि खाली बसला. मी उठून मोठ्यानं 'गो' म्हटलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून 'वेंट, गॉन' बाहेर पडलं, पण त्यांचे डोळे त्या फळ्यावरच होते. हेडमास्तर चष्मा काढून पुसत राहिले.

आम्ही कन्हेरीला आबांकडे राहायला गेलो. आबांचा मळा पाटाखालचा, वांगी, मेथी, कोथिंबीर बारामतीच्या बाजाराला जायची. आई तिथं राबायला लागली. मी बारामतीच्या शाळेत जायला लागले. तात्या ओसरीवर बसून असायचे. सुरुवातीला भावकीतली माणसं यायची, ऐकायची; नंतर त्यांनाही त्याचं नवल राहिलं नाही, आणि त्यांच्यापाशी 'गो' म्हणायलाही कुणी थांबेना.

एके दिवशी मेथीच्या जुड्या बांधताना आई मला म्हणाली, "मला बी शिकीव की त्ये."

"तुला कशाला इंग्रजी?"

"त्येंच्याशी बोलाया."

मी हसले. आई हसली नाही. मग मी शिकवलं. ती अक्षर वाचत नव्हती, पण कानाला तिखट. भराभर पाठ करायची. पण फक्त पहिलं रूप. दुसरं सांगायला लागले की हात वर करायची. "ऱ्हाऊ दे. त्ये त्येंचं हाय."

तेव्हापासून सकाळी ओसरीवर ऊन आलं की ती जुड्यांचा ढीग घेऊन तात्यांजवळ बसायची. आधी घरातल्या गोष्टी सांगायची. बाजारात मेथी सगळी खपली, आबांची गाय व्याली, पाळी उद्या येणार. मधेच मला विचारायची, "विकण्याला काय म्हंत्यात गं?" मी आतून ओरडायची, सेल. आई त्यांच्याकडे वळून म्हणायची, "शेल."

"सोल्ड, सोल्ड," तात्या म्हणायचे. आणि आई मान डोलवायची, जणू त्यांनी सगळा हिशेब विचारून घेतला. बातम्या संपल्या की मग यादी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचं एक, त्यांची दोन. शेजारच्या बायका टिंगल करायच्या, मास्तरीणबाई साहेबाशी लागल्या बोलायला. आई म्हणायची, "लागले. मग काय तर." ती 'अगं'ची वाट बघत होती का, मी कधी विचारलं नाही. पण यादी संपली की ती जरा वेळ तशीच बसून राहायची, हातातलं काम थांबवून. तात्या मेथीच्या ढिगाकडे बघत असायचे. मग ती उठायची.

दुसऱ्या हिवाळ्यातली सकाळ. मी आत वेणी घालत होते, शाळेला उशीर झाला होता. ओसरीवर रोजचं चाललं होतं. "बिल्ड." "बिल्ट, बिल्ट." "बाय." "बॉट, बॉट." तात्यांचा आवाज जरा खोल गेलेला वाटला, पण थंडीत तो तसा जायचाच.

"क्याच," आई म्हणाली.

रिबीन दातात धरून मी उत्तराची वाट बघितली. काही आलं नाही. "क्याच," आई पुन्हा म्हणाली, जरा हळू. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग आईचाच आवाज आला, "कॉट, कॉट."

ती रूपं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. मला वाटलं, तात्यांना डुलकी लागली असेल. "चूज, चोझ, चोझन," आई म्हणत होती. "कम, केम, कम." एकही चुकत नव्हतं. मी बाहेर आले. तात्यांची मान खांबाला टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले, ऊन तोंडावर आलं होतं तरी पापणी हलत नव्हती. आईचा एक हात त्यांच्या हातावर होता. मी "आई" म्हणणार, तेवढ्यात तिनं माझ्याकडे न बघता दुसरा हात वर केला. थांब.

मी उंबऱ्यावर उभी राहिले, अर्धी वेणी हातात. आई त्यांच्याकडे बघत म्हणत राहिली. तिचं एक, त्यांची दोन. कुठंही घाई केली नाही, एकही गाळलं नाही. ड्रिंक, गिव्ह, नो, सिंग, स्लीप. मळ्यात मोटेचा आवाज चालू होता. "राइट," ती म्हणाली, "रोट. रिटन."

मग रोजच्यासारखीच ती जरा वेळ बसून राहिली, त्यांच्या तोंडाकडे बघत. काही आलं नाही. तिनं पदरानं त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि मला म्हणाली, "जा बाई, मळ्यातनं आबास्नी बोलवून आण."