गाठ न मारणारी कोट्रव्वा

कोट्रव्वाला साधी गाठ मारता येत नाही, असं मी सहा महिने गावभर सांगत फिरले. आज ते आठवलं की वाटतं, माझी जीभ का झडली नाही.

मी या बेविनहाळला अंगणवाडीची टीचर म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपुढची पोरं माझी. त्याखालच्यांना गावात कुणी वाली नव्हता. आया तळ्याचा गाळ काढायला जायच्या आणि पोर खांबाला. खरोखरच खांबाला. जुन्या लुगड्याची पट्टी फाडायची, एक टोक पोराच्या पायाला, दुसरं घरातल्या मधल्या खांबाला. पोर रस्त्यावर जात नाही, हौदात पडत नाही, शेजारची म्हातारी अधूनमधून डोकावते. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गावातल्या अर्ध्याअधिक माणसांच्या घोट्यावर तो वळ सापडेल.

मग मागच्या ऑगस्टमध्ये पंचायतीनं माझ्या अंगणवाडीच्या शेजारच्या खोलीत ‘कूसिन मने’ उघडलं, म्हणजे बाळांचं घर. चार पाळणे, दोन चटया, भिंतीवर मी रंगवलेला हत्ती. रोजगार हमीच्या कामावरच्या बायकांनी तान्ही पोरं इथं सोडायची. सांभाळणारी बाईही त्याच हमीच्या कार्डावरची. बाकीच्यांनी गाळ उपसायचा, हिनं पोरं बघायची, मजुरी तीच. तालुक्याला जाऊन दहा जणी शिकून आल्या. दसऱ्याच्या आत आठ जणी नवऱ्याबरोबर बेंगळूरला बांधकामावर गेल्या, एक बाळंतपणाला माहेरी गेली. उरली कोट्रव्वा.

पन्नाशीची, उंच, एकटी राहणारी बाई. उजव्या हाताची बोटं आखडलेली. कशानं, हे मी कधी विचारलं नाही. मला तिची कामाची तऱ्हाच पटत नव्हती. पोरांच्या चड्ड्यांच्या नाड्या काढून तिनं इलॅस्टिक घातलं. झबल्याचे बंद कापून बटणं लावली. रव्याच्या पिशवीचं तोंडसुद्धा बांधायची नाही, मुरडून वर दगड ठेवायची. कुणा आईनं पोराच्या मनगटाला बांधायला काळा दोरा आणला तर म्हणायची, “तूच बांध गं, मला जमत नाही.”

“काय गं कोट्रव्वा,” मी सगळ्या बायकांसमोर म्हणायची, “लग्नात तरी गाठ मारली होतीस, का तीही मुरडून दगड ठेवला होतास?”

बायका फिदीफिदी हसायच्या. तीही हसायची. “टीचरम्मा, तुमची जीभ म्हणजे ब्याडगी मिरची. नुसता रंग, तिखट कुठाय?”

विळ्यावरून मात्र आमचं खरं भांडण झालं. दाराच्या आत, आपला हात पुरेल इतक्या उंचीवर, तिनं खिळ्याला विळा टांगला होता. पोरांच्या खोलीत विळा! मी तो काढून कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी परत खिळ्याला. पुन्हा काढला, पुन्हा तिथंच. शेवटी मी पंचायतीत तक्रार केली आणि विळा माझ्या कपाटात कुलपात गेला.

पण पोरं तिच्या अंगावरून उतरत नसत, हे मला कबूल केलं पाहिजे. गाळाच्या कामावरच्या मारक्काची हुलिगी दीड वर्षाची होती. पहिल्या दिवशी आणली तेव्हा डाव्या घोट्याला काळपट वळ. खाली ठेवली तर ती चार पावलं चालली आणि थांबली. परत फिरली, दुसऱ्या बाजूला चार पावलं, पुन्हा थांबली. पायात काही नव्हतं, तरी तिथून पुढं जाईना. मी म्हटलं, “पोर मंद दिसते.”

“मंद नाही,” कोट्रव्वा म्हणाली. “पट्टी तेवढीच होती.”

दुपारी पोरं झोपली की ती हुलिगीच्या घोट्याला शेंगदाण्याचं तेल चोळायची. मग तिच्यापासून पाचव्या पावलावर मांडी घालून बसायची, हातात गुळ-शेंगदाण्याचा लाडू. “ये माझी बाई, ये.” हुलिगी चार पावलं यायची, हात पुढं करायची, रडायची. कोट्रव्वा जागची हलायची नाही. डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी ती पोर पाचवं पाऊल टाकून तिच्या मांडीवर पडली. कोट्रव्वा तिला पोटाशी धरून इतकी रडली, की मला वाटलं, एवढं काय रडायचं!

जानेवारीत कोट्रव्वाचे हमीचे शंभर दिवस भरले. एका कार्डावर वर्षाला शंभरच. पुढचे दिवस एप्रिलपासून. बदलीला दुसरी बाई नाही. पंचायतीच्या कारकुनानं खोलीला कुलूप घातलं. वाईट त्यालाही वाटलं, पण नियम तो नियम. गाळाचं काम मात्र ऐन भरात होतं. त्या बायकांचे दिवस अजून शिल्लक होते.

मारक्का पोरीला कडेवर घेऊन कुलपासमोर उभी राहिली. “अव्वा,” ती कोट्रव्वाला म्हणाली, “तुझ्या घरी ठेव की.”

“ठेवली असती गं. पण उद्यापासून मिरची तोडायला जाते. पहाटे ट्रॅक्टर येतो. न जाऊन खाऊ काय?”

तीन दिवसांनी मी मारक्काच्या घरावरून जात होते. दार उघडं होतं. हुलिगी खांबाला होती. मला बघून चार पावलं आली आणि थांबली. मी तिला उचलून माझ्याकडे नेऊ शकले असते. पण माझी तीस पोरं, मदतनीस आजारी, आणि ‘तीन वर्षांखालचं घेत नाही’ हे माझं नेहमीचं तुणतुणं. मी पुढं निघून गेले. रात्री जेवण गेलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन अर्ज दिला. एप्रिलपर्यंत कोट्रव्वाची मजुरी पंचायतीनं स्वतःच्या पैशातून द्यावी आणि खोली उघडावी.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली भरली. अध्यक्षा तिप्पम्मा खुर्चीवर, आणि बाजूला तिचा नवरा पंपापती. बोलायचं त्यानं आणि सही करायची हिनं, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं. पंपापतीला त्या पैशातून वेशीवर कमान बांधायची होती. माझा अर्ज वाचून झाला तसा तो हसला.

“टीचरम्मा, तुम्ही परगावच्या. आमच्या आयांना कोण होतं पोरं सांभाळायला? खांबाला बांधून जायच्या. हा बघा!” त्यानं धोतर वर करून घोटा दाखवला. “मेलो का आम्ही? कुणी मेलं का?”

मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पंपापतीच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याच्या हातातला धोतराचा सोगा सुटला.

मागून कोट्रव्वा उठली. मिरचीच्या शेतातून तशीच आली होती.

“माझा मेला, पंपण्णा.”

“अव्वा, मी तसं म्हटलं नाही...”

“म्हणालास ते बरं केलंस. तीस वर्षांत कुणी म्हटलंच नाही.” ती माझ्याकडे वळली. “टीचरम्मांना ठाऊक नाही. कालव्याचं काम होतं. मल्लेश दोन वर्षांचा. मीच बांधून गेले. नुकताच गाठ सोडायला शिकला होता, म्हणून दुहेरी मारली, ओढून. छप्पर पेटलं तेव्हा मी पळत आले. आत शिरले. पोर जिवंत होतं. मला हाक मारत होतं.” तिनं आखडलेली बोटं समोर धरली. “गाठ सुटेना. माझीच गाठ, मलाच सुटेना. लोकांनी मला ओढून बाहेर काढलं. विळा दाराच्या मागंच होता. मला आठवलाच नाही.”

ती खाली बसली. सहा महिने मी या बाईच्या कोणत्या जखमेवर बोट ठेवून हसत होते, ते मला त्या कडुलिंबाखाली कळलं. सगळ्या गावाला माहीत होतं. मी एकटीच तोंड वर करून बोलत होते.

“लिहा,” तिप्पम्मा कारकुनाला म्हणाली. तिचा आवाज ग्रामसभेत आम्ही पहिल्यांदाच ऐकला. “मजुरी पंचायत देणार. औंदा आणि दरवर्षी, दिवस संपले की.”

“अगं, पण कमान...” पंपापती पुटपुटला.

“तुम्ही बसा. अध्यक्ष मी आहे ना? मग लिहा.”

हात वर झाले. पंपापतीचाही झाला, जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी मारक्का हुलिगीला घेऊन आली. सोबत ती लुगड्याची पट्टी. ती तिनं कोट्रव्वाच्या हातात दिली. कोट्रव्वानं कात्रीनं तिचे तुकडे केले, पोरांची नाकं पुसायला. हुलिगीला खाली ठेवली. चार पावलं चालली आणि थांबली. कोट्रव्वा पाचव्या पावलावर जाऊन बसली. पुन्हा पहिल्यापासून.

मला तिची माफी मागायची होती. शब्द तोंडाशी येऊन परत गेले. माझी जीभ ब्याडगी मिरची म्हणे! मी माझ्या खोलीत गेले, कपाटाचं कुलूप काढलं, विळा घेतला आणि तिच्या दाराच्या आत, तिचा हात पुरेल इतक्या उंचीवर, टाचा उंचावून त्याच खिळ्याला टांगला.

तिनं वर बघितलं. “थोडा खाली घ्या टीचरम्मा,” ती म्हणाली. “घाईत तुमचाही हात पुरला पाहिजे.”