आत्याचा डावा हात आणि स्टिअरिंगचा गिअर

आत्या गेली त्या दिवशी मला रडू आलं नाही. झोप आली.

आज वर्ष झालं. दमलेली मी अजून आहेच.

सुमनआत्या. माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि स्वतःच्या पगारातून एक सेकंडहॅन्ड गाडी घेतली.

पांढरी. गोल दिव्यांची. पुढे सोफ्यासारखी सलग सीट. आणि गिअर खाली नाही, वर, स्टिअरिंगच्या दांड्याला. डाव्या हाताने टाकायचा.

मुलुंडमध्ये आमच्या अख्ख्या सोसायटीची बाळंतपणं, फ्रॅक्चर, एअरपोर्ट, सगळं त्या गाडीने केलंय.

मग आत्याच्या किडन्या गेल्या.

आई-बाबा आधीच गेलेले. म्हणजे ती आणि मी. माझं ऑफिस अंधेरीला, घर मुलुंडला, आणि आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

डायलिसिससाठी हाताच्या शिरेचं छोटं ऑपरेशन करतात. फिस्टुला. तो तिच्या डाव्या हाताला केला. डॉक्टर म्हणाले, या हाताने जड उचलायचं नाही, ओढाताण नाही, झटका तर अजिबात नाही.

आणि आमच्या गाडीचा गिअर झटक्याशिवाय पडायचाच नाही.

स्टिअरिंगच्या दांड्याखालून गिअरबॉक्सपर्यंत दोन सळया जातात. त्यांच्या जोडातले बुश, म्हणजे आतल्या छोट्या नळ्या, झिजून गेले होते. पहिल्यातून दुसरा टाकताना सळया अडकायच्या. गाडी भर रस्त्यात उभी. मग आत्या उतरणार, बॉनेट उघडणार, सळई हिसकून मोकळी करणार, आणि मागे हॉर्न मारणाऱ्यांना ओरडून सांगणार, "झाला, झाला, जावा आता!"

मी म्हटलं, "आत्या, आता बस कर. रिक्षाने जाऊ. कॅब करू."

"गाडी नीट करून घेऊया."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलंय. म्हणूनच सांगतंय, नीट करून घेऊया."

मी चिडले. दिवसभर ऑफिस करून आले होते. "कशासाठी हा हट्ट? कुणाला दाखवायचंय?"

ती मग म्हणाली, "तिथे गेल्यावर मी नुसती पडून असतंय गो. सुई ते लावतात, मशीन ते चालवतात, उठायचं कधी तेही तेच सांगतात. निदान तिथपर्यंत तरी मी जातंय. माका कोण नेत नाय."

मी मेकॅनिकला, फ्रान्सिसला, फोन लावला.

फ्रान्सिस मूळचा गोराईचा, गॅरेज अंधेरीला. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गाडी घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "गिअर खाली घेऊया ना, फ्लोअरला. झकास काम होईल."

आत्याला फोनवर विचारलं. "खाली वाकून गिअर टाकू? आणि माझ्या गाडीला भोक पाडणार? नाय."

मग फ्रान्सिसने पितळी बुश बसवले. सळया अडकायच्या थांबल्या, पण गिअर आधीपेक्षा जड झाला. आत्या सोसायटीत एक चक्कर मारून आली आणि थेट घरात गेली. हात सुजला होता. त्या संध्याकाळी मी तिच्यावर ओरडले, फ्रान्सिसवर ओरडले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सिसचा फोन. "मॅडम, माझं चुकलं. गाडी परत पाठवा. आंटीचा हात बघायला पायजे होता मी, मी गाडीच बघितली."

या वेळी त्याने पितळ काढून टाकलं. दोन्ही सळया नव्या करून घेतल्या, टोकांना बॉल जॉइंट लावले, कुठेच घासणार नाही असे. गाडी मुलुंडला तो स्वतः घेऊन आला. आत्याला ड्रायव्हिंग सीटवर बसवलं, म्हणाला, "आंटी, जोर नाय लावायचा. फक्त बोटं."

तिने दोन बोटं ठेवली. पहिला. दुसरा. तिसरा. परत पहिला.

गाडी बंदच होती. ती तशीच बसून किती वेळ गिअर टाकत होती. फ्रान्सिस उगाचच टायर बघायला मागे गेला.

त्यानंतर सगळा हिवाळा ती स्वतः गाडी चालवत डायलिसिसला गेली. मी शेजारी. येताना तिच्यात त्राण नसायचं, तेव्हा मी चालवायचे. जाताना ती.

उन्हाळा लागल्यावर एकदा निम्म्या वाटेत तिने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. उतरली, बॉनेटला धरत धरत वळसा घालून माझ्या दाराशी आली.

"सरक."

"काय झालं?"

"क्लच दाबवत नाय पायाने. तू चालव."

"आजच्यापुरतं ना?"

"सरक म्हणतंय ना."

त्यानंतर ती परत स्टिअरिंगवर बसली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझा झाला गो चालवून." आवाजात रडगाणं नाही, काही नाही. मलाच पुढचा सिग्नल धूसर दिसला.

लोक भेटतात, म्हणतात, सुटली बिचारी. म्हणतात, तू पण सुटलीस. मी मान हलवते. सुटल्यासारखं काही वाटत नाही. अजूनही डायलिसिसच्या दिवशी ऑफिसातून लवकर निघायची घाई होते, बॅग उचलते, आणि मग परत खाली ठेवते.

ती घरीच गेली. सकाळी, स्वतःच्या पलंगावर, मी चहा टाकत असताना. एका हाकेला ओ दिली, दुसरीला नाही.

त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. सुट्टी होती तिची.

आत्या, तुला माझा मनापासून नमस्कार.

सावकाश जा गं.