खोड न सांगता विकलेली फटफटी

बाकीच्या बायका दागिने साठवतात, मी किस्से साठवले. खरं तर मी काही केलं नाही, ते आपोआप साठले, चुलीमागच्या भिंतीवर काजळी साठते तसे. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कन्याशाळेतली कुणीतरी विचारायचीच, "काय बाई, आज फटफटीनं काय केलं?" आणि तिनं काही केलं नाही असा दिवस क्वचितच उगवायचा!

आधी ती आली कशी ते सांगते. नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि त्या घोळात बदल्यांचे हुकूम सुटले. आमच्या ह्यांना खकनारची शाळा मिळाली. माझी नोकरी बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्यातल्या कन्याशाळेत. खकनारची बस मनाला येईल तेव्हा सुटायची. अख्ख्या गोतावळ्याचं एकमत झालं, की सुनेनं नोकरी सोडावी आणि नवऱ्यामागे जावं.

मी म्हटलं, सोडणार नाही. हे रोज वेळेवर पोचून संध्याकाळी घरी आले म्हणजे झालं ना? त्यासाठी एक जुनी फटफटी घेऊ. ह्यांनी मान हलवली. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मात्र अट घातली. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आला आणि मास्तर जागेवर सापडला नाही, तर सुनेनं त्याच दिवशी राजीनामा द्यायचा. मी अट कबूल केली. म्हणजे माझी नोकरी आता त्या फटफटीवर!

* * *

डोईफोडिया गावच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडे लढाईतली, लष्करानं लिलावात काढलेली फटफटी होती. वरचा रंग काळा, तो खरवडला की लाल, त्याखाली लष्करी हिरवा. मैलांचा काटा एका जागी कायमचा बसलेला. आधी ती कुणी चालवली, कुठं पडली, काय बदललं, काही पत्ता नाही.

मामंजींचा सगळा जन्म तापीकाठच्या शेतात गेलेला. त्यांना बैलबाजाराचीच रीत ठाऊक. त्यांनी फटफटीच्या पाठीवरून हात फिरवला, चाकांपाशी वाकून पाहिलं आणि उपरण्याखाली ठेकेदाराची बोटं दाबून सौदा केला. शेवटी विचारलं, "खोड सांग. मधातच बसते का हे?"

ठेकेदार म्हणाला, "एकदम ठंडा जनावर है, पाटील."

ती घरी येताना वाटेत दोनदा बसली.

* * *

तरी एक मानायला हवं, गाडीचा आवाज फार गोड होता. गिअर कसे लोण्यासारखे पडायचे. आमचे हे सगळ्यांना तसं सांगत सुटले. महिनाभरात तीच गाडी अशी करकरायला लागली की गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग हे दिसायचे.

इतवाऱ्यातल्या रामदास मिस्त्रीनं गिअरची डबी उघडली. एरवी तो विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे आमच्या गाडीवर त्याचा निम्मा अभ्यास चालला होता. त्यानं आत बोट घातलं आणि तेलात कालवलेला लाकडाचा भुसा बाहेर काढला. झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायला तो आत कोंबलेला.

मामंजी ओट्यावरून म्हणाले, "ठेकेदार लाकडाचा होता, म्हणून भुसा निघाला. केळीवाला असता तर साली निघाल्या असत्या."

* * *

ती तेल गळायची. अंगणात मी तिच्याखाली जुनं घमेलं ठेवलं होतं. मिस्त्रीनं वॉशर बदलले, चामडं लावलं, साबण चोपडला, तरी टपटप चालूच. आणि एका सकाळी घमेलं कोरडं! मला इतका आनंद झाला की मी शेजारी पेढे वाटले. एक पेढा मिस्त्रीला द्यायला गेले.

त्यानं पेढा खाल्ला, हात पुसले आणि म्हणाला, "बाई, गळनं बंद नाही झालं. यात तेलच नाही बचलं."

* * *

थंडीत किकनं ती चालू होत नसे. धक्का लागायचा. रोज हे वर बसायचे आणि मी साडीचा काष्टा खोचून मागून ढकलायची. एक दिवस मी म्हटलं, जास्त जोर कुणाच्या अंगात, तुमच्या ना? मग वर कुणी बसावं?

तेव्हापासून मी वर आणि हे मागे. गल्लीच्या टोकापर्यंत मी न्यायची, तिथं हे धापा टाकत येऊन गाडी ताब्यात घ्यायचे. हळूहळू गल्लीचं टोक पुढं सरकत गेलं. शेवटी शेवटी ते नदीपर्यंत गेलं होतं! गल्लीत लोक काय काय बोलले ते सांगत नाही. मला फार मजा यायची, एवढं मात्र सांगते.

* * *

आणि मग तो दिवस आला. इन्स्पेक्टर खकनारला मुक्कामाला उतरल्याची कुणकुण लागली होती. हे अंधारातच उठले, घाईत किक मारली, आणि किकनं असा उलटा झटका दिला की पाय घोट्यापासून सुजून भोपळा झाला. उभं राहवेना. बस कालपासून आलेलीच नव्हती.

मामंजी दारात उभे होते. म्हणाले, "आता कागद काढ, सूनबाई."

मी कागद काढला नाही. काष्टा घट्ट खोचला आणि ह्यांना म्हटलं, मागे बसा. गल्लीतल्या दोघांनी धक्का दिला. मी मागं वळून पाहिलं नाही. रस्त्यात बैलगाड्या बाजूला होत होत्या, मागे हे कळवळत होते, आणि मला भीती एकच, की आता बंद पडली तर सगळंच संपलं.

बंद पडली नाही. खकनारच्या शाळेत प्रार्थना चालू होती, इन्स्पेक्टर ओसरीवर उभे. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले, लंगडत वर्गात गेले. साहेबांनी मला विचारलं, "आप यहीं रुकेंगी?" मी म्हटलं, माझीही शाळा आहे, आणि इंजिन बंद न करताच गाडी वळवली.

माझीही शाळा तोवर भरली होती. न कळवता गैरहजर राहणं आमच्या मोठ्या बाईंना मुळीच खपायचं नाही. ह्यांची हजेरी वाचवायला गेले आणि माझीच नोकरी घालवून बसले, असं मनात म्हणत मी कन्याशाळेच्या फाटकात पोचले. हात काळे, साडीवर तेलाचे डाग. मोठ्या बाईंनी नुसतं माझ्या वर्गाकडे बोट दाखवलं. आतून पोरींचा सूर येत होता, दीडकीचा पाढा चालला होता.

मी दारात गेले. माझ्या खुर्चीवर फेटा बांधून मामंजी बसले होते. मला पाहून ते उठले, बाजूला झाले आणि पोरींना म्हणाले, "उभ्या राहा गं. तुमच्या बाई आल्या."