हर्बल सारवण

आमच्या गावातल्या आठ बायांची कामं मी एका सकाळीत घालवली, आणि तीही स्वच्छतेच्या नावाखाली.

तळेगावात आमचा मूगवड्यांचा गट होता. मूग भिजवायचा, लसूण-मिरची घालून वाटायचा आणि बोटांनी इवल्या इवल्या वड्या टाकून उन्हात वाळवायच्या. माझ्या सासूबाई, शेवंताबाई, गटाच्या अध्यक्ष. मी बी.एस्सी. (पहिल्या प्रयत्नात नाही, पण झाले एकदाची), म्हणून मी सचिव. सासूबाईंचा सगळा जन्म लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेला होता. गुडघे गेले आणि ते काम सुटलं. वड्या मात्र बसून टाकता येतात. त्या कमाईतून त्या स्वतःच्या गोळ्या स्वतः आणायच्या, आणि ते आम्हाला ऐकवायच्याही.

सगळा माल नागपूरचा एक दुकानदार उचलायचा. एक दिवस त्याचा फोन आला.

"ताई, अब साफसफाई का सर्टिफिकेट लगेगा. नाही तं माल ठेवता येणार नाही मले."

झालं, मी कामाला लागले. गटाची सगळी शिल्लक ओतून वड्यांच्या खोलीत पांढऱ्या शुभ्र टाइल्स बसवल्या. केसांना लावायच्या रबरवाल्या टोप्या आणल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी बायांपुढे भाषणच ठोकलं.

"उद्या तपासणीवाले साहेब येऊन राह्यले. खोली अशी स्वच्छ करा, की सणाले बी केली नसन. अन ह्या टोप्या लावा. एक केस दिसला नाई पाहिजे."

"कशात?" बेबीताईनं विचारलं.

"डाळीत, अजून कशात?" मी म्हणाले.

(इथे थांबून नीट समजावायला हवं होतं. पण सकाळी साहेबांना कारंजाहून आणायचं होतं आणि माझी साडी ठरायची होती.)

साहेब म्हणजे पुण्याकडचा तरणा माणूस. खोलीपाशी आल्यावर त्यांनी बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. मी ऐटीत दार उघडलं. टाइल्स कुठेच दिसेनात! खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताज्या शेणानं सारवलेली, कडेनं रांगोळी, आणि मधोमध साहेबांसाठी पाट.

आमच्या घरी पाहुणा यायचा असला की सारवतात. स्वच्छ म्हणजे सारवलेलं, याबद्दल सासूबाईंना आयुष्यात कधी शंका आली नव्हती. बाकी सातजणींनाही नाही.

"आई, हे काय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"काय म्हंजे? तूच म्हणली ना सणापरीस स्वच्छ. ते टाइल लय घसरून राह्यली होती. सारवली तं पाय बसला."

"मॅडम, फरशीला हे काय लावलंय?" साहेबांनी विचारलं.

घाबरल्यावर माझी अक्कल जरा जास्तच चालते.

"सर, हर्बल आहे. हर्बल कोटिंग."

साहेबांनी पेन काढलं. "कुठली वनस्पती?"

मी कडुनिंब म्हणणार, तेवढ्यात सासूबाई पदर सावरून पुढे आल्या. "गाईचं हाये साहेब. म्हशीचं नाई. सकायचंच, ताजं."

साहेब दचकून मागे सरले. सारवण ओलं, पायात प्लास्टिक, आणि खाली माझ्या टाइल्स होत्याच. साहेब बसले. पाटावर नाही, पाटाच्या बाजूला. त्यांना उठवायला आठही बाया धावल्या. आठही डोकी उघडी.

"टोप्या कुठे आहेत?" साहेबांनी खालूनच विचारलं. माणूस कामाला पक्का.

बेबीताईनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे वाटलेल्या डाळीनं भरलेले गंज ओळीनं मांडले होते आणि प्रत्येक गंजाला एकेक टोपी नीट बसवली होती. "पाहा साहेब, एक बी केस नाई पडला डाळीत."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा घेतला, वड्यांची चव घेऊन मान डोलावली आणि माझ्या नवऱ्याची पँट घालून परत गेले. प्रमाणपत्र मिळालं नाही. दुसऱ्यांदा बोलवायला फी लागते, आणि आमची शिल्लक सारवणाखाली चिकटलेली. दुकानदार एका कारखान्याकडून माल घ्यायला लागला. बेबीताई त्या कारखान्यात काम मागायला गेली. काचेच्या बांगड्या काढा म्हणाले, तिनं काढल्या. मग वय विचारलं. ते काही काढता येईना. ती आणि बाकीच्या पुन्हा निंदणाला गेल्या. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तेही नाही. गोळ्या आता आम्ही आणतो, आणि आमचा खर्च नको म्हणून त्या एकेक गोळी अर्धी करून खातात. हे मला कळलं त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं, इतकी मी रडले.

परवा नवऱ्यानं नागपूरहून मूगवड्यांचं पाकीट आणलं. त्याच दुकानातून. पाकिटावर तो प्रमाणपत्राचा शिक्का. शिक्क्याखाली चित्र: नऊवारीतली एक म्हातारी, डोक्यावर टोपी नाही, सारवलेल्या अंगणात वड्या टाकतेय.

सासूबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ धरलं.

"संगीता, हे सारवलेलंच हाये ना वं?"

"हो."

"मंग इले काऊन पास केलं?"

मी आता तरी खरं बोलायला हवं होतं. "ते हर्बल हाये, आई."

त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग पाकीट माझ्या हातात देत म्हणाल्या, "म्हंजे तू साहेबाले बराबर सांगून राह्यली होती. मीच मधात बोलली."

त्यांचा यात काही दोष नव्हता, हे त्यांना सांगायचं अजून जमलेलं नाही. पहिल्या प्रयत्नात मी आजवर कशातच पास झालेले नाही.