जयवंताकाकूंचं बोट

नंदा माझी धाकटी जाऊ, कडाव गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती. आम्ही दोघी कडाकडा भांडलेल्या आहोत, तरी तिचं कौतुक मी करणारच.

कर्करोगासाठी तोंड तपासायला बोलावलं की आमच्या गावच्या बायका पदर तोंडाला लावून पळतात. म्हणून नंदा सकाळी तंबाखूची मिसरी लावायच्या वेळीच बॅटरी घेऊन दारोदार फिरू लागली. दातांवर बोट फिरत असताना तोंड आपोआप उघडं असतं. पहिलं तोंड तिनं माझंच पाहिलं आणि मिसरीची डबी उकिरड्यावर फेकली. महिनाभर मी तिच्याशी नीट बोलले नाही.

संक्रांतीच्या सुमारास ती जयवंताकाकूंच्या दारी गेली. काकू म्हणजे आमची धवलारीण. लग्नात त्यांनी धवले गायल्याशिवाय मांडवाला शोभा नाही. पायरीवर बसून त्या मिसरी लावत होत्या. नंदा त्यांच्या बोटाकडे बघत राहिली.

"काकू, बोट डावीकडं का जात नाय?"

"उष्णता हाय गं. सब्जा पिते, जाईल."

"कवापासून हाय?"

"भात कापल्यापासून."

म्हणजे दोन महिने झाले होते. जिभेच्या डाव्या कडेला चिंचोक्याएवढी जखम होती. नंदानं हातमोजा घालून चाचपली, तर कडा टणक लागल्या. तीन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवायचीच, हे ती घोकूनच बसलेली.

काकू मात्र अडून बसल्या. "जीभ कापतील माझी. मग गाऊ कशी? त्यापरीस मेलेली बरी."

"आज जखम बारकी हाय. थांबलात तर पुरी जीभ जाईल."

काकू उठेनात, म्हणून नंदाही पायरीवरून हलेना. घरचा स्वैपाक माझ्या गळ्यात पडला. दुपारी अखेर दोघी रिक्षानं कर्जतला गेल्या. दातांच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो कर्करोगाचाच, पण अगदी सुरुवातीचा. मुंबईत ऑपरेशन झालं. जिभेची कड आणि मानेतल्या गाठी काढल्या, बाकी जीभ राहिली.

वैशाखात माझ्या लेकीचं, अक्षदाचं लग्न होतं. काकू गातील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या मांडवात आल्या, पाणी प्यायल्या आणि धवला धरला. काही अक्षरं घसरत होती, आवाज मात्र जुनाच होता. रीतीप्रमाणे सगळ्या देवांना आवतण देऊन झालं, तेव्हा काकूंनी आणखी एक नाव घेतलं, नंदाचं.

ही नंदा कोण म्हणून नवऱ्याकडच्या बायका इकडेतिकडे बघू लागल्या. मला राहवेना. भर मांडवात मी ओरडले, "माझी जाऊ हाय ती!"