मागच्या जागेवरची बाई

लालमहंमद मणियारानं दुसरी बायको केली आहे आणि तिला फटफटीवर मागं बसवून तो बाजारोबाजार मिरवतो, ही कुजबूज सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात नगरच्या अर्ध्या गल्ल्यांतून फिरली. उरलेल्या अर्ध्यांत ती आधीच पोचलेली होती. उगम म्हणाल तर दौंड रस्त्यावरच्या जकात नाक्यावरचा बन्सी शिपाई. त्यानं सांगितलं एवढंच, की नाक्याच्या पलीकडं, अरणगावच्या बाजूला, लालमहंमदच्या मागं एका अंगाला बसलेली बुरख्यातली बाई त्याला दोनदा दिसली. बाकीचं लोकांनी पदरचं घातलं. ती गोरी आहे, श्रीगोंद्याची आहे आणि तिला तिसरा महिना लागलाय. बुरख्यावरून एवढं ओळखणारी माणसं आमच्या नगरात होती!

ही बातमी सगळ्यात शेवटी पोचली खातूनकडं. खातून म्हणजे लालमहंमदची पहिली आणि तिच्या समजुतीप्रमाणं एकुलती एक बायको.

तिला धक्का बसला, पण नवल वाटलं नाही. हा माणूस एका जागी बसलेला तिनं पाहिलाच नव्हता. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा. त्याचा बाप शमशेरचाचा काचेच्या बांगड्या तट्टावर लादून गावोगाव जाई, तोही लगाम धरून, पायी. तट्टू जरा दुडकं चाललं तरी म्हातारा ओरडायचा, कारण गावच्या बायका पहिला प्रश्न तोच विचारायच्या, "चाचा, घोडं पळलं न्हाई ना?" हादरलेल्या काचेत डोळ्याला न दिसणारा तडा जातो, आणि तसली बांगडी नवरीच्या हातात चढली की मांडवातच जाते, अशी त्यांची पक्की समजूत. बांगडी फुटली असं कोणी तोंडानं म्हणतसुद्धा नसे, वाढवली म्हणायचं. लालमहंमद त्या तट्टामागं दहा वर्षं चालला आणि रोज थोडाथोडा वेडा होत गेला.

म्हातारा गेला. लढाई संपली. लष्करानं कॅम्पात जुन्या गाड्यांचा लिलाव काढला. लालमहंमद तट्टू विकून गेला आणि मातकट हिरवी फटफटी ढकलत घरी आला. ढकलत, कारण चालवायची कशी ते कोणी लिलावात पुकारलं नव्हतं. चार दिवसांनी कॅम्पामागच्या मैदानात ती सुरू झाली. थांबवायची कशी हे मात्र त्याला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मैदानाला गोल गोल फेऱ्या मारत तो प्रत्येक फेरीला ओरडत होता, "खातून, भाकरी झाकून ठेव!" पेट्रोल संपल्यावर तो थांबला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा असा, जणू ईदचा चाँद त्याला एकट्यालाच दिसला.

तेव्हापासून घर बदललं. पूर्वी आठवड्यातले तीन मुक्काम कुणाच्या तरी ओसरीवर पडायचे, आता तो दिवेलागणीला दारात असे. डोळ्यांभोवतीची जागा सोडून सगळा धुळीनं पांढरा. उभ्याउभ्याच सांगत राही. चिखलीच्या घाटात उतार लागला की पोटात कशा गुदगुल्या होतात, सदऱ्यात वारा भरला की माणूस कसा फुगतो, कोळगावची कुत्री गावाच्या शिवेपर्यंत कशी पोचवायला येतात. खातूनला हे ऐकायला फार आवडे. बाकी मालाचं विचारलं तर तो साऱ्या जगाला एकच सांगे, "माल आदल्या दिवशी आसारामच्या बैलगाडीनं जातो. सावकाश. फटफटीवर मी एकटा." आसाराम म्हणजे नाक्यापलीकडं खळं असलेला त्याचा दोस्त.

एकदा खातून म्हणाली, "मलाबी एकदा मागं बसवा की."

"मागं जागा न्हाई," तो पटकन म्हणाला.

मागं चांगली स्प्रिंगची जागा होती. ते वाक्य खातूनच्या मनात रुतून बसलं. आणि वरून आली शेजारची गोजरबाई.

"खातून, तुझ्या कानावर काय आलं न्हाई का गं?"

"कशाचं, मावशी?"

"न्हाई बाई, मी कशाला बोलू? माझ्या राहीचं लगीन पंधरा दिवसांवर. चुडा तुझा नवराच भरणार. मी आपली गप." असं म्हणून ती अर्धा तास बोलली.

त्यानंतरचे तीन दिवस खातूननं कसे काढले विचारू नका. आमटीत दोनदा मीठ पडलं, मग एकदा अजिबात नाही. झाडून झालेलं अंगण तिनं पुन्हा झाडलं. फटफटीचा आवाज आला की दाराशी जायची आणि ती दारात थांबली की आत पळायची. विचारावं तर 'हो' म्हणाला तर काय, आणि न विचारावं तर जागा नाही, जागा नाही, हेच डोक्यात फिरायचं.

श्रीगोंद्याच्या बाजाराच्या दिवशी तो निघाला तशी तिनं ट्रंक भरली. टांगा बोलावला. गोजरबाई न बोलावता चढून बसली.

"बाई असली तर तसाच टांगा स्टेशनावर," खातून म्हणाली. "श्रीरामपूरला माहेरी. परत तोंड दाखवनार न्हाई."

"आणि नसली तर?"

"तर तुमी चालत घरी जायचं."

नाका ओलांडला आणि गोजरबाईनं टांगेवाल्याच्या पाठीत बोट खुपसलं. आसारामच्या खळ्याशी फटफटी उभी होती. मागच्या जागेवर, एका अंगाला, काळ्या बुरख्यातली बाई. लालमहंमद तिच्या कमरेला दोरी बांधत होता.

"अगं बया! बांधून नेतोय गं!"

खातून उतरली. तिला पाहून लालमहंमदच्या हातातली दोरी गळाली. ती सरळ त्या बाईपाशी गेली, बुरखा वर केला आणि हात आत घातला. काय दिसलं ते टांग्यात गोजरबाईला कळलं नाही, म्हणून तुम्हालाही थोडं थांबवतो. गोजरबाईला दिसलं ते असं: लालमहंमदनं हात जोडले, टांग्याकडं डोळ्यांनी खूण केली आणि पुटपुटत राहिला. खातूननं ते ऐकून घेतलं. मग सवतीचा बुरखा तिनं स्वतःच्या हातानं नीट केला आणि दोरीची गाठ घट्ट बांधून दिली!

परत येऊन ती टांग्यात बसली.

"घरी घ्या."

"अगं, पन हाय का न्हाई?"

"हाय," खातून म्हणाली. "दुसरी हाय. माझ्याहून नाजूक हाय. जरा धक्का लागला तर मोडंल अशी."

"आणि तू नांदनार?"

"नांदू की दोघी. रोज सांजच्याला घरी येतोय ना तो? मला तेवढं पुरं."

गोजरबाईनं ही वार्ता संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर पोचवली. गल्लीतल्या बायका हळहळल्या. कुणी वाटीभर तूप आणून दिलं, कुणी कुरडया. खातूननं डोळ्यांना पदर लावून सगळं ठेवून घेतलं. पंधरा दिवसांनी राहीचा चुडा लालमहंमदनंच भरला आणि एकही बांगडी वाढवावी लागली नाही. फटफटी पुढं सात वर्षं धावली. विकल्यावरही तो खाटेवर बसला की उजव्या पायानं हवेत किक मारायचा आणि खातून स्वयंपाकघरातून म्हणायची, "घाट आला का?"

आता खरं. लालमहंमदनं दुसरं लग्न केलं नव्हतं. माल बैलगाडीनं कधीच गेला नाही, ते हादरलेल्या काचेला भिणाऱ्या बायकांना सांगण्यापुरतं होतं. मागच्या जागेवर आसारामच्या खळ्यात ठेवलेली, गोधडीत गुंडाळलेली बांगड्यांची पेटी असायची. वरचा बुरखा त्याच्या मेलेल्या आईचा होता.